पावणेसहा लिटरची प्रणिता

प्रणिता चौबळच्या पुढ्यात ताट ठेवलं की ती आधी आमटीत काय कमी पडलंय ते सांगते आणि मग पोटभर जेवते. यात दुष्टपणा अजिबात नाही. खोट काढल्याशिवाय वस्तू आपली झाली असं तिला वाटतच नाही, एवढंच. तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, हे लग्नानंतर दोन महिन्यांत ओळखलं आणि स्वयंपाकघर स्वतःच्या ताब्यात घेतलं. "बोलणी माझ्या वाट्याला येतात, पण जेवण तरी माझ्या मनासारखं होतं," असं तो पाहुण्यांना हसत सांगतो.

सिंगापूरच्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासणारी जी फौज आहे, तिची ती मुख्य. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी महिनोन्‌महिने खपून काही उभं करावं आणि प्रणिताने दुपारच्या चहाच्या आत त्यातल्या चौदा चुका काढून त्यांच्या पदरात घालाव्यात, हा तिचा रोजचा धंदा. २०१५ साली तिला या धंद्यात सोळा वर्षं झाली होती. चुका काढणाऱ्याला कुणी हारतुरे घालत नाही हे तिने केव्हाच मान्य केलं होतं. सगळं नीट चाललं की लिहिणाऱ्याचं कौतुक, आणि बिघडलं की पहिला फोन हिला.

राहायला पुंगोलला, चौदाव्या मजल्यावर. शनिवारी सकाळी आजूबाजूच्या मराठी आया मुलांना घेऊन नाचाच्या नाहीतर गणिताच्या क्लासला निघत, तेव्हा ही बाई एक तेलकट टी-शर्ट चढवून हौगांगजवळच्या डेफू लेनमध्ये जाई. तिथे पत्र्याच्या शेडमधून जुनी वर्कशॉप्स होती, आणि त्यातल्या को अंकलच्या वर्कशॉपमध्ये तिची गाडी उभी असे. १९७१ साली ऑस्ट्रेलियात बनलेली, दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. मसल कार म्हणतात तिला, आणि ते नाव खोटं नाही. नुसती उभी असली तरी तालमीतून आत्ताच बाहेर आल्यासारखी दिसते. जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीमुळे ती वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येई. उरलेले शनिवार प्रणिता तिच्या पोटाखाली आडवी असे.

ही गाडी तिला मिळाली तीसुद्धा या खोडीमुळेच. हौगांगचे एक वयस्कर गृहस्थ मुलाकडे पर्थला जायला निघाले होते. गाडी बघायला पाचसहा जण आले, सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली. प्रणिता मात्र तासभर खाली शिरून बसली, बाहेर आली आणि तिने एकोणीस दोष घडाघडा वाचून दाखवले. म्हातारा हसत सुटला. "एकोणीस दोष माहीत असून तुला ती हवीच आहे?" त्याने विचारलं. प्रणिता म्हणाली, "हवी आहे म्हणून तर मोजले." गाडी तिच्याकडे आली. घरी शैलेंद्रने तिचं नाव सवत ठेवलं आणि दर दसऱ्याला सवतीसाठी झेंडूचा हार स्वतः आणायचा पायंडा पाडला.

आता पाच लिटरचं चांगलं चालणारं इंजिन काढून त्याजागी पावणेसहा लिटरचा ब्लॉक बसवायचं खूळ तिच्या डोक्यात का शिरलं, हे समजायला पुण्याच्या भवानी पेठेत जावं लागेल. तिथे तिच्या वडिलांचं, विनायक पांचाळांचं, बोअरिंगचं दुकान होतं. त्यांना सगळे नाना म्हणत. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. पिस्टनला वरखाली करायला त्यात गोल विहिरी असतात. वर्षानुवर्षं घासून त्या लंबगोल होतात, मग त्या पुन्हा अचूक गोल कापून द्यायच्या. नानांनी एक्केचाळीस वर्षं हेच केलं. प्रणिता शाळेतून सुटली की दुकानात खोक्यावर बसून गृहपाठ करायची आणि मशीनच्या घरघरीत पाढे पाठ करायची.

ब्लॉक हातगाडीवरून नागडा यायचा आणि नागडाच परत जायचा. पुढे गॅरेजवाला त्यात पिस्टन घालणार, दुसरा कुणी तो ट्रकमध्ये चढवणार, तिसरा चालवणार. नाना आयुष्यभर सायकलवर. दहा वर्षांची असताना प्रणिताने विचारलं होतं, "नाना, तुम्ही कापलेलं इंजिन चालताना कसं वाजतं हो?" नाना मशीनवरची नजर न काढता म्हणाले होते, "मला काय ठाऊक? माझ्यासमोर कुणी चालवलंय?" ती हे उत्तर कधी विसरली नाही. तीस वर्षांनंतरही ते आठवलं की तिला वडिलांसाठी वाईट वाटायचं.

आदल्या वर्षी नानांनी दुकान बंद केलं. फोनवर त्यांचा आवाज बारीक व्हायला लागला. "काय करताय?" विचारलं की "बसलोय," एवढंच उत्तर. शेवटी प्रणिताने बेत आखला. नानांना सिंगापूरला आणायचं, त्यांच्या नजरेखाली एक ब्लॉक बोअर करायचा, तो आपल्या गाडीत बसवायचा आणि नानांना शेजारी बसवून गाडी चालवायची. आहे ते इंजिन उघडण्यात मजा नव्हती, नानांना दाखवायचं तर काहीतरी दांडगं हवं. ऑस्ट्रेलियातून तिने मोठा ब्लॉक मागवला. आठही विहिरी गंजलेल्या होत्या, ते बघून तिला कोण आनंद झाला. त्या मॉडेलला कारखान्यातूनच दोन मापांची इंजिनं मिळत, हे तिने पुराव्यानिशी मांडलं, तीन महिने पत्रं लिहिली आणि मोठ्या इंजिनाची परवानगी मिळवली. अट एकच होती, गाडीचं बाहेरचं रूप बदलायचं नाही.

नाना आले सोळा ऑगस्टला, आणि परतीचं तिकीट तेरा सप्टेंबरचं. सतराला गणपती होते, आणि पुण्याच्या घरातला गणपती नानांशिवाय दुसऱ्या कुणी बसवलेला त्यांना चालत नसे. शिवाय विमानतळावरच त्यांनी सांगून टाकलं, "हा एकच फेरा हां प्रणिता. शहात्तर झाली मला. परत विमानात नाही बसायचा." म्हणजे चार आठवडे. तेवढ्यात बोअरिंग, जुळणी, सरकारी तपासणी आणि नानांची फेरी. चुकलं तर पुन्हा संधी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिलं विघ्न तिने स्वतःच उभं केलं. व्हिजिट पासवर आलेल्या माणसाने काम करायचं नसतं. आता, स्वतःच्या लेकीची गाडी फुकटात हाताळणं म्हणजे काम का? तिने सगळे नियम वाचले, तिला उत्तर सापडेना. उत्तर सापडलं नाही म्हणजे मनाई आहे असं समजायचं, हा तिचा बाणा. इतकी वर्षं इथे राहायच्या पासांची नूतनीकरणं करून माणसाचं जे होतं ते तिचं झालं होतं.

"नाना, तुम्ही पान्याला हात लावायचा नाही," तिने जेवताना बजावलं. "फक्त बघायचं आणि सांगायचं."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"हो."

"मी काय पगार मागतोय का त्यांच्याकडं?"

सोळा वर्षांची लेक निहारिका मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजोबा, ममा इज लाइक दॅट वन लाह. जस्ट फॉलो."

दुसऱ्या दिवशी नाना डेफू लेनमध्ये आले ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. को अंकल बहात्तर वर्षांचे, अंगात बनियन, कमरेला हाफपँट, तोंडात हॉकियन ही चिनी बोली आणि तुटकं इंग्रजी. नानांचं इंग्रजी त्यांच्याहून तुटकं. दोघांनी एकमेकांना मान डोलवून नमस्कार केला आणि नवा ब्लॉक जुन्याच्या शेजारी ठेवून बघायला लागले. नवा चांगलाच उंच होता. प्रणिता डिजिटल मापक काढून मिलिमीटर वाचायला लागली, तेवढ्यात को अंकलनी फूटपट्टी लावली. तो ब्लॉक बसला की इंजिनाचा माथा किती वर येईल याचा त्यांनी हिशेब केला आणि सात बोटं दाखवली. "सेव्हन हुन."

"सात काय म्हणतोय हा?" नानांनी विचारलं.

को अंकलनी पट्टीवर नखाने दाखवलं. इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे हुन. नाना वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून स्वतःची घडीची पट्टी काढली, तीच खूण तिच्यावर दाखवली आणि ओरडलेच, "अरे, हे तर सूत!"

भवानी पेठेत इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. डेफू लेनमध्ये त्यालाच हुन. पुढचा अर्धा तास काम बंद पडलं. दोघं म्हातारे वर्कशॉपभर फिरत दिसेल ती वस्तू मापत होते. पाइप, नटबोल्ट, टेबलाची फळी, को अंकलच्या चपलेचा तळ. एकाने "हुन!" म्हणायचं, दुसऱ्याने "सूत!" म्हणायचं आणि दोघांनी हसायचं. प्रणिता मिलिमीटर हातात धरून मध्येच उभी. तिला हसू आवरेना. वर्षभरात नानांचा इतका मोठा आवाज तिने ऐकला नव्हता.

बोअरिंगला चार दिवस लागले. को अंकलचं मशीन नानांच्या मशीनचं थोरलं भावंड शोभेल असं होतं. चालवायचे को अंकल, हात मागे बांधून शेजारी उभे राहायचे नाना. एकेक विहीर कापून झाली की नाना तेवढ्यापुरता उजवा हात सोडवायचे, तर्जनी आत घालून वरून खालपर्यंत फिरवायचे आणि डोळे मिटायचे. बोट आत घालणं म्हणजे काम नव्हे, असा निकाल प्रणिताने मोठ्या मनाने दिला होता. पाचव्या विहिरीत त्यांचं बोट तळाशी थबकलं. "खाली आवळलीय. अर्धा थाऊ."

अर्धा थाऊ म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा निम्मा. प्रणिताने भाषांतर केलं. को अंकलनी भुवई उडवली, मापयंत्र आत सोडलं, काट्याकडे बघितलं, पुसलं, पुन्हा सोडलं. काटा नानांच्या बाजूने बोलत होता. "वाह! युअर फादर फिंगर इज मशीन, आह!" ते म्हणाले आणि स्वतःचं बोट विहिरीत घालून बराच वेळ फिरवत राहिले. त्या दिवसापासून ते नानांना बॉस म्हणायला लागले, आणि दुपारची कॉफी आली की पहिला पेला बॉसचा.

पुढचे दोन आठवडे प्रणिताने रजा टाकली. तिच्या लॅपटॉपवर दोनशे बारा ओळींची तपासणीची यादी होती, एकेक बोल्टासकट. ओळ तपासली की हिरवी करायची. इंजिन जुळलं, गाडीत उतरलं, आणि उंचीचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. कारखान्यातून मोठं इंजिन आलं की बॉनेटही उंच यायचं, पण इथे बॉनेट बदलायची किंवा कापायची परवानगी नव्हती. सात सूत उंची कुठेतरी जिरवायलाच हवी. प्रणिताने त्यासाठी बुटका एअर फिल्टर आणला होता, त्याच्या खालचा भागही कमी उंचीचा निवडला होता, आणि कागदावर सगळं बसत होतं.

कागदावर भागेना म्हणून तिने घरून कणकेचा गोळा आणला. शैलेंद्रने तेलाचा हात लावून पोळ्यांना मळावा तसा छान मऊ मळून दिला होता. तो एअर फिल्टरच्या डोक्यावर ठेवायचा, बॉनेट हलकेच लावायचं, पुन्हा उघडायचं. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे उरलेली जागा. तिने मापलं. पावणेदोन सूत. भरपूर होतं. तिने ओळ हिरवी केली आणि को अंकलना टाळी दिली.

नाना त्या चपट्या कणकेकडे बघत उभे होते. "हे बसलेल्या इंजिनाचं माप झालं," ते म्हणाले. "उठलेल्याचं कुठंय?"

"म्हणजे?"

"जोर लावला की इंजिन एका अंगानं उचल खातं. डावीकडनं. पावणेदोन सूत नाही पुरायचं."

"नाना, इंजिन रबराच्या माउंटवर बसवलंय. कंपनीने दिलेली मापं आहेत माझ्याकडे."

"कंपनीनं ह्या डोक्यावर ते बॉनेट ठेवून बघितलंय का?"

तपासणी चार दिवसांवर होती. यादीत सहा ओळी उरल्या होत्या. प्रणिता थकली होती, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातल्या खोटी काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामातली खोट ऐकायची सवय नसते. ती फटकन बोलून गेली, "तुमच्या दुकानात नुसते ब्लॉक यायचे आणि जायचे, नाना. गाडीत बसवलेलं इंजिन तुम्ही कधी बघितलंय?"

बोलली आणि तिला कळलं. पण सुटलेला शब्द परत येत नाही.

"ते खरंय," नाना शांतपणे म्हणाले, आणि हात मागे बांधून लेनच्या टोकाला असलेल्या कॉफीच्या टपरीकडे चालायला लागले.

त्यांना हाक मारावी असं तिला वाटत होतं. मारली नाही. अशा वेळी माणूस कामाचा आव आणतो, तसा तिने आणला. कणकेचा नवा गोळा फिल्टरवर ठेवला, बॉनेट लावलं, आत बसली आणि किल्ली फिरवली. घोडामैदान जवळच होतं, म्हणून म्हटलं बघूनच घेऊ. इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. एरवी ती नाचली असती. तिने जरा तापू दिलं आणि पाय दाबला. गाडीचं नाक एकदम तिरकं झालं, आणि बॉनेटमधून ठण्ण असा देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. तिने घाबरून किल्ली बंद केली. बॉनेटच्या मध्याजवळ, जरा डाव्या अंगाला, आतून बाहेर आलेलं एक टेंगूळ होतं. आमटीच्या वाटीएवढं.

को अंकल जवळ आले, त्यांनी टेंगळावरून हात फिरवला. "आययो," एवढंच म्हणाले.

लेनमध्ये घणांचे आणि ग्राइंडरचे इतके आवाज होते की इंजिन काही नानांना ऐकू गेलं नाही. ऐकू गेला तो फक्त तो ठण्ण आवाज. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून तीन कॉफ्या लोंबत होत्या. त्यांनी टेंगूळ बघितलं. प्रणिता मान खाली घालून उभी होती, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. नानांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकले, नाक पुढे केलं आणि म्हणाले, "कणीक भाजलीय."

खरंच भाजली होती. दाबून कागदासारखी झालेली ती कणीक एका बाजूने तापून खरपूस झाली होती, आणि डेफू लेनच्या त्या ग्रीसच्या वासात पोळीचा वास दरवळत होता. को अंकलनी एक तुकडा तोडून हुंगला. आधी नाना हसले, मग को अंकल, आणि मग प्रणिता हसता हसता रडायला लागली.

"चुकलं माझं, नाना," ती म्हणाली. "मापात चुकलं आणि बोलण्यातही. बोलण्यातलं जास्त लागलंय मला."

"अगं, खोटं कुठं बोललीस? नाहीच बघितलं मी." नानांनी तिच्या हातात कॉफीची पिशवी दिली. "पण माझ्याकडं यायचे ना ब्लॉक, त्यांचे कान तुटलेले असायचे. कान म्हणजे ज्यावर इंजिन माउंटला बसतं ते. चाळीस वर्षं बघतोय, तुटायचा तो डावाच. मी म्हणायचो, एकच कान का तुटावा? म्हणजे त्या बाजूनं तो रोज उचल खात असणार. दुसरं काय?"

चालणारं एक इंजिन न बघता या माणसाने मोडक्या तुकड्यांवरून सगळ्या इंजिनांची चाल ओळखली होती. प्रणिताला त्यांचा फार अभिमान वाटला.

"मग काय करू या?" तिने विचारलं.

"दोन सूत खाली बसव. आणि डावीकडनं साखळी घाल, इंजिनाला आणि गाडीच्या चासीला. एक सूत ढिली ठेव, ताणून नको. श्वास घेऊ दे त्याला."

को अंकलना भाषांतराची गरजच पडली नाही. "टू हुन डाउन," ते म्हणाले, "वन हुन चेन." आणि साखळ्यांचा डबा शोधायला गेले.

माउंट खाली बसवायला इंजिन उचलून धरावं लागतं. को अंकल साखळदंडाच्या चाकाशी, प्रणिता गाडीखाली, आणि वरून बोल्ट धरायला तिसरं माणूस नाही. प्रणिता खालून बघत होती. वर नाना उभे, हात मागे, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. मग तिने तेरा नंबरचा पाना वर केला आणि म्हणाली, "नाना, धरा."

"पास?"

"मी बघते पासचं. धरा तुम्ही."

नानांनी पाना घेतला आणि एक क्षणही न दवडता कामाला लागले. त्या दुपारी ते चार तास वाकून उभे होते आणि सबंध वेळ गुणगुणत होते. संध्याकाळी को अंकलनी टेंगूळ लाकडी हातोडीने इतक्या हलक्या हाताने बसवलं की शोधूनही सापडू नये. नवा कणकेचा गोळा ठेवून प्रणिताने बॉनेट लावलं, इंजिन सुरू केलं, पाय चांगला दाबला. नाना मुद्दाम कॉफी आणायला निघून गेले होते. "मी गाडीत बसल्यावरच ऐकणार," ते म्हणाले होते. "आता उगाच उष्टं नको." कणीक निघाली ती सव्वादोन सूत जाड, कच्ची आणि गुबगुबीत. प्रणिताने यादीत नवी ओळ वाढवली, दोनशे तेरावी: उठलेल्या इंजिनाचं माप. आणि ती हिरवी केली.

गुरुवारी तपासणी झाली. तपासणाऱ्या तरुणाने परवानगीचं पत्र वाचलं, ब्लॉकवरचा नंबर ताडून बघितला, साखळीशी येऊन थांबला. "हे काय?" त्याने विचारलं. प्रणिताने सांगितलं. तो खाली वाकला, साखळीची ढील बोटाने मापली, मान डोलावली आणि शिक्का मारला. बाहेर येऊन प्रणिताने को अंकलना फोन केला आणि दोघं फोनवर नुसतेच हसत राहिले.

रविवारी संध्याकाळी नानांचं विमान होतं. शैलेंद्र आणि निहारिका सामान घेऊन टॅक्सीने पुढे गेले. प्रणिताने गाडी आधीच पुंगोलच्या इमारतीखाली आणून ठेवली होती. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे लाल-पांढरे झेंडे अजून गॅलऱ्यांमधून लटकत होते. नाना इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला गंध लावून खाली उतरले. ते चप्पल झटकून आत बसले. प्रणिताने त्यांचा पट्टा लावला, स्वतःचा लावला आणि किल्ली फिरवली.

सीट थरथरली. नानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

पुंगोल मागे पडलं, मोठा रस्ता लागला. दोघं चांगी विमानतळाजवळच्या, समुद्राकाठच्या सरळसोट रस्त्याला लागले. डावीकडे झाडं, उजवीकडे कुंपणापलीकडे धावपट्टी. नाना गप्पच. प्रणिता आधी इंजिनाकडे कान लावून होती, मग सगळं लक्ष शेजारी. त्यांना आवडलं नाही का? दगदग झाली का? चार आठवडे ज्याच्यासाठी मर मर मेले ते यांना नुसताच आवाज वाटतोय का? शेवटी तिला राहवेना. "नाना, कसं वाटतंय?"

नानांनी तोंडावर बोट ठेवलं. ते ऐकत होते.

जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "बाजूला घे."

तिने गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. नाना सावकाश उतरले, पुढे गेले आणि बॉनेटवर तळवा टेकवून उभे राहिले. ती धावत त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"बरं वाटत नाहीये का?"

"प्रणिता," नाना म्हणाले, "एक्केचाळीस वर्षांत किती ब्लॉक कापले त्याला गणती नाही. जे बरे चालले ते कधी परत आले नाहीत गं. आले ते सगळे बिघडलेले. मला वाटायचं, माझ्या हातचं सगळं शेवटी मोडतंच." त्यांनी बॉनेटवर हलकेच थोपटलं. "ते सगळे असे चालत होते होय. बाहेर कुठंतरी. सगळे."

प्रणिताने त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. सोळा वर्षं ज्या हजारो गोष्टी तिने तपासून पुढे पाठवल्या होत्या, त्याही आत्ता कुठे कुठे मुकाट चालत असतील, हे तिच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आलं. बापलेक दोघं त्या थरथरत्या पत्र्यावर हात ठेवून, धावपट्टीवरून एक विमान उडून जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

मग नानांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, आत जाऊन बसले आणि स्वतःचा पट्टा स्वतः लावला.

"आता थांबवू नकोस," ते म्हणाले. "दाब."

रस्त्याला सत्तरची मर्यादा होती. प्रणिताने पाय दाबला, काटा एकोणसत्तरवर नेला आणि थेट विमानतळापर्यंत तिथेच धरून ठेवला, आणि नाना खिडकी उघडी टाकून वाटभर मोठमोठ्याने हसत होते.